पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले बारीक चढउतार: आलेखावरची रेघ नेमकी कुणाची?

लंबक (धागाकर्ता)

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला (क्षेत्राची ताकद मोजायचं एकक, टेस्लाचा अब्जावा भाग) असतं. सूर्य शांत असेल तर मध्यम अक्षांशावर त्यात दिवसाकाठी २० ते ५० नॅनोटेस्लाचा बदल होतो, हजारातला जेमतेम एक भाग. चुंबकीय विषुववृत्ताजवळ हाच बदल १०० च्या वर जातो. मोठ्या चुंबकीय वादळात काहीशे.

एवढं बारीक टिपणारे सेन्सर आता कुणालाही मिळतात, आणि हा धागा काढायचं कारण तेच आहे. सेन्सर जोडला, आलेख काढला, दुपारी छान फुगणारी रेघ दिसली की आपण ती सूर्याच्या नावावर टाकून मोकळे होतो. पण दुपारी सेन्सरही तापतो, रस्त्यावरची वर्दळही बदलते, विजेचा वापरही बदलतो. सगळ्यांचं चक्र चोवीस तासांचंच. रेघ पृथ्वीची की आपल्या आवाराची, हे दाखवता आलं तरच त्या नोंदीला अर्थ. माझा सगळा जीव या एका प्रश्नात अडकलाय.

माझी मांडणी अशी: आरएम३१०० हा तीन अक्षांचा सेन्सर, प्लास्टिकच्या नळीत बंद करून जमिनीत पुरलेला, त्याला चिकटून तापमापक. सेन्सर अखंड मोजत राहतो, दर सेकंदाची सरासरी साठवली जाते आणि त्यातून मिनिटाची. एका मोजणीची पायरी साधारण १३ नॅनोटेस्लाची आहे आणि गडबडही जवळपास तेवढीच. ही गडबड इथे कामी येते, कारण मोजण्या पायरीच्या दोन्ही बाजूंना पडत राहतात आणि सरासरी पायरीच्या आत शिरू शकते. मिनिटाला हजार मोजण्या घेतल्या तर विखुरलेली गडबड तीसेक पट खाली येते, म्हणजे अर्ध्या नॅनोटेस्लाच्या आसपास. रोजचा बदल पाहायला ते पुरेसं आहे.

ज्यांनी असं काही केलंय, करताय किंवा करायचं मनात आहे, त्यांनी लिहा. विशेषतः खोट्या रेघा कशा ओळखल्या ते.

सोनकी

फार दिवसांनी असा धागा आला. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना पडद्यावरचा आकडा दाखवला तर त्यांना तो आकडाच वाटतो. सुई हललेली डोळ्यांनी दिसली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक्सशिवाय हा बदल दिसेल का? आणि मुळात रोज क्षेत्र हलतं कशामुळे, तेही सोप्या शब्दांत सांगाल का?

लंबक

सोनकी, दिसेल. लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहॅमनं १७२२ मध्ये लांब सुईकडे बघूनच हे शोधलं. १७४१ मध्ये उप्सालात सेल्सिअस आणि ह्योर्टर यांना ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी सुई अस्वस्थ झालेली दिसली, आणि त्याच वेळी लंडनमध्ये ग्रॅहॅमची सुईही हलली होती. एवढ्या अंतरावर दोन सुया एकदम हलतात म्हणजे कारण खोलीतलं नाही, हे तेव्हाच कळलं. आजही आपली सगळ्यात मोठी कसोटी हीच आहे.

आता मांडणी. छोटा पट्टीचुंबक एकपदरी नायलॉनच्या धाग्याला आडवा टांगायचा. पिळाचा सुती दोरा नको, हवेतला ओलावा बदलला की त्याचा पीळ सुटतो आणि चुंबक फिरतो. चुंबकाला आरशाचा हलका तुकडा चिकटवा. सगळं काचेच्या बरणीत ठेवा म्हणजे झुळूक लागणार नाही. खाली तांब्याची जाड चकती ठेवली की झोके लवकर विझतात. आरशावर प्रकाशाची बारीक तिरीप सोडा आणि तिचा ठिपका २ मीटरवरच्या पट्टीवर घ्या.

चुंबक एक कला (अंशाचा साठावा भाग) वळला तर परावर्तित किरण दोन कला वळतो आणि पट्टीवर ठिपका साधारण १.२ मिलिमीटर सरकतो. मध्यम अक्षांशावर दिवसभरात दहाएक कलांचा फरक पडतो, म्हणजे सेंटीमीटरभर. कमी अक्षांशावर याहून कमी, तिथे पट्टी आणखी लांब न्या.

या जुन्या पद्धतीत मला फार मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे मोकळा टांगलेला चुंबक दिशा दाखवतो आणि ती दिशा त्याच्या ताकदीवर अवलंबून नसते. उन्हानं चुंबक थोडा क्षीण झाला तरी तो बोट दाखवतो तिकडेच. तापमानाचा घोळ इथे जवळजवळ नाहीच.

बदल का होतो: दिवसा सुमारे ११० किलोमीटर उंचीवर आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात) उन्हामुळे हवा वाहते. ती विद्युतवाहक आहे आणि पृथ्वीच्या क्षेत्रातून वाहते, त्यामुळे तिच्यात प्रवाह निर्माण होतात. बाल्फर स्ट्युअर्टनं १८८२ मध्येच ही कल्पना मांडली होती. उजेडाच्या बाजूला प्रवाहाचे दोन मोठे भोवरे तयार होतात, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट आणि दक्षिणेत घड्याळासारखा. पृथ्वी त्यांच्याखालून फिरते, म्हणून आपल्याला रोजची लाट दिसते.

तुमच्या मुलांसाठी: उत्तर गोलार्धात चुंबकाचं उत्तर टोक सकाळी आठच्या सुमारास पूर्वेच्या टोकाला जातो आणि दुपारी एक-दोनला पश्चिमेच्या. इतक्या वेळात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणं हे तापमानाचं वागणं नाही. वेळा जुळल्या तर रेघ पृथ्वीची.

वायरमन

विजेच्या बाजूनं थोडं लिहितो, कारण यात बऱ्याच जणांचे महिने वाया जातात.

पहिलं म्हणजे सेन्सरला वीज नेणारी तार. त्यातून ५० मिलिअँपिअर जात असतील आणि जाणारी-येणारी तार वेगवेगळी पडली असेल, तर एकट्या तारेपासून १० सेंटीमीटरवर १०० नॅनोटेस्लाचं क्षेत्र असतं. रोजच्या नैसर्गिक बदलाच्या दुप्पट! आणि प्रवाह कमी-जास्त झाला की तेही हलणार. दोन्ही तारा एकमेकींत घट्ट पिळून घ्या, प्रोसेसर आणि बॅटरी सेन्सरपासून काही मीटर लांब ठेवा. बॅटरीचं कवच बहुतेक वेळा पोलादी असतं, तेही लक्षात असू द्या.

दुसरं जरा फसवं आहे. मेन्सची वारंवारता ५० हर्ट्झ म्हणतात, पण ती सतत इकडेतिकडे होते. समजा ती ४९.९८ आहे आणि तुम्ही बरोबर सेकंदाला एक झटपट मोजणी घेता. आरएम३१०० ची एका अक्षाची मोजणी काही मिलिसेकंदांत उरकते आणि मेन्सचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, त्यामुळे प्रत्येक मोजणी आवर्तनाच्या किंचित वेगळ्या जागी पडते. आलेखावर ५० सेकंदांची गुळगुळीत लाट उमटते, जी तिथे नाहीच. आणि ४५ ते १५० सेकंदांचा पट्टा म्हणजे पीसी४ या नावाचं पृथ्वीच्या क्षेत्राचं खरंखुरं स्पंदन! लोक ते सापडलं म्हणून हरखून जातात.

उपाय: सेकंदात एकच मोजणी घेऊ नका. अखंड मोजा आणि मेन्सच्या पूर्ण आवर्तनांवर सरासरी घ्या. लंबक घेतात तसं. शंका आली तर मोजणीचा वेग थोडा बदला. खोट्या लाटेचा काळ लगेच बदलतो, खरीचा बदलत नाही.

झुंजूमुंजू

वाचनखूण साठवली. माझ्याकडे एफजीएम-३ हा फ्लक्सगेट जातीचा चुंबकीय सेन्सर आहे, गच्चीवर डब्यात. तापमानाचा परिणाम भयंकर दिसतो. तापमानाची नोंद आहेच, तर क्षेत्र विरुद्ध तापमान असा आलेख काढून सरळ रेषा बसवायची आणि तो भाग वजा करायचा, एवढं पुरे ना?

आकडेमोड

झुंजूमुंजू, थांबा! असं केलं तर मोजायला निघालात तीच गोष्ट पुसून टाकाल.

तापमान दुपारी चढतं. कमी अक्षांशावर क्षेत्राचा आडवा घटकही (जमिनीला समांतर भाग) दुपारच्या आसपास चढतो. दोन्ही एकाच तालात चालतात तेव्हा सरळ रेषेला कुणाचा वाटा किती हे कळायला मार्गच नाही. ती सूर्याचा वाटा तापमानाच्या खात्यात टाकते. वजाबाकीनंतर रेघ सपाट दिसते आणि आपल्याला वाटतं, चला, आलेख स्वच्छ झाला.

मला पटलेले रस्ते दोन. जवळपास चुंबकीय वेधशाळा असेल तर तिच्या मिनिटाच्या नोंदी घ्या. इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यात शंभराहून जास्त वेधशाळा आहेत आणि त्यांच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. तुमच्या नोंदीतून वेधशाळेची नोंद वजा करा. निसर्गाचा बहुतेक भाग गेला, उरलं ते तुमच्या जागेचं आणि उपकरणाचं. या उरलेल्या फरकाची तापमानाशी सांगड घाला, आता तो गुणांक विश्वासाचा. पण वेधशाळा अक्षांशानं फार लांब नको. विषुववृत्तीय प्रवाहपट्ट्याजवळ (चुंबकीय विषुववृत्तावर आयनांबरात वाहणाऱ्या जोरदार प्रवाहाजवळ) तर थोड्या अंतरातही लाटेची उंची बरीच बदलते.

वेधशाळा जवळ नसेल तर फक्त रात्रीच्या नोंदी घ्या, दहा ते पहाटे चार. तेव्हा आयनांबरातले ते प्रवाह अगदी मंद असतात. थंड रात्री आणि उबदार रात्री यांच्यातला फरक बघा. त्यात वादळाच्या रात्री धरू नका.

आणि तापमान मोजायचं ते सेन्सरचं, हवेचं नाही. सेन्सर उशिरा तापतो, म्हणून क्षेत्र विरुद्ध तापमान या आलेखात सरळ रेषेऐवजी फुगीर कडं दिसतं. कडं दिसलं की समजा, वेळेचा फरक आहे.

सगळ्यात चांगलं म्हणजे डबा गच्चीवरून काढा आणि जमिनीत न्या.

लंबक

आकडेमोड यांच्या शेवटच्या ओळीला जोडून जमिनीचं गणित देतो, कारण किती खोल हा प्रश्न येणारच.

तापमानाची रोजची लाट मातीत साधारण दर १० सेंटीमीटरला तिपटीच्या जवळ उतरते आणि तेवढ्यातच पावणेचार तास मागे पडते. माती किती ओली, कशी, यावर हे थोडं बदलेल. २० सेंटीमीटरवर सातव्या-आठव्या हिश्शाची लाट उरते, पण ती सात-आठ तास उशिरा येते, म्हणजे रात्री शिगेला. असा सेन्सर रात्री दहाला फुगवटा दाखवतो आणि कुणालाच तापमानाचा संशय येत नाही. अर्ध्या मीटरवर रोजची लाट एका टक्क्याच्या खाली जाते. वर २० अंशांचा फरक असेल तर खाली फार तर पंधरा शतांश अंश.

ऋतूंची लाट मात्र कितीतरी खोल पोचते. एक मीटरवरही तिचा अर्ध्याहून जास्त भाग शिल्लक असतो. त्यामुळे महिन्यामहिन्यांचा कल पुरलेल्या सेन्सरवरून सांगायचा मोह टाळावा. वेधशाळांतसुद्धा बदल मोजणारं उपकरण वेगळं आणि निरपेक्ष मोजणी वेगळी. प्रोटॉन मॅग्नेटोमीटरनं एकूण तीव्रता, आणि फ्लक्सगेट बसवलेल्या अचुंबकीय थिओडोलाइटनं दिशेचे दोन कोन, असं ठरावीक काळानं माणूस हातानं मोजतो आणि त्यावर रोजच्या नोंदीची पायारेषा बसवतो.

प्रोटॉनचा उल्लेख आलाच आहे तर: त्याचं तत्त्व मला अतिशय आवडतं. पाण्यातले किंवा रॉकेलातले प्रोटॉन क्षेत्राच्या प्रमाणात ठरलेल्या वारंवारतेनं डोलतात, दर हर्ट्झला २३.४९ नॅनोटेस्ला. ४०,००० नॅनोटेस्लाला ही वारंवारता १७०० हर्ट्झच्या थोडी वर, कानाला ऐकू येणारी. गुणांक निसर्गानंच ठरवलेला असल्यानं ऊन-थंडीचा प्रश्न मिटतो. दिशा मात्र कळत नाही.

तळटीप

लोखंड आणि रहदारीबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. मोटारीचं चुंबकीय आघूर्ण (चुंबक म्हणून तिची ताकद) २०० अँपिअर-चौरस-मीटर धरलं, तर १० मीटरवर ती २० ते ४० नॅनोटेस्लाचा ठसा उमटवते. अंतर दुप्पट केलं की ठसा एक-अष्टमांश. २० मीटरवर तीन ते पाच, ४० मीटरवर अर्धा किंवा त्याच्या आसपास. म्हणून महागडी गाळणी लावण्याआधी सेन्सर रस्त्यापासून लांब न्यावा, अंतराच्या घनाचा फायदा फुकट मिळतो. जाणाऱ्या गाडीचं आलेखावरचं क्षणिक टोक निदान ओळखू येतं. शेजारी उभी करून ठेवलेली गाडी जास्त त्रास देते: पायरीसारखी उडी, आणि काही तासांनी तेवढीच उलटी उडी. अशा उड्या नोंदवहीत टिपून ठेवा.

एकदिश विजेवर चालणारे ट्राम आणि रेल्वे मात्र अंतराला जुमानत नाहीत, कारण त्यांचा काही प्रवाह रुळांतून निसटून जमिनीतून पसरतो. याच कारणानं जगभरच्या वेधशाळांना मुक्काम हलवावा लागला. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचं चुंबकीय काम १९०८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरला गेलं. मुंबईत विजेवरचे ट्राम येणार म्हणून वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या काळात कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला नेलं. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि दोन्ही मालिका एकमेकींना जोडल्या. मला हे फार मोठं वाटतं. जागा बदलताना जुनी आणि नवी नोंद काही काळ शेजारी चालवली नाही, तर मालिका तिथे कायमची तुटते. आपण सेन्सर दोन हात सरकवतो तेव्हाही हेच करायला हवं.

त्याच कुलाब्यात १८५९ च्या सप्टेंबरातलं कॅरिंग्टन वादळ, नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एक, टिपलं गेलं होतं. निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून लिहिलेल्या त्या आकड्यांवरून आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लानं कोसळल्याचं दिसतं. त्या वादळाचा अंदाज बांधायला आजही हे आकडे वापरतात.

झुंजूमुंजू

आकडेमोड, तळटीप, दोघांचे आभार. डबा गच्चीवरून खाली आणतोय, रस्त्याच्या उलट बाजूला. वादळाचा विषय निघाला म्हणून विचारतो. आलेखावर वादळ ओळखायचं कसं? आणि केपी आकडा (क्षेत्र किती अस्वस्थ आहे ते ० ते ९ मध्ये सांगणारा निर्देशांक) आपल्या नोंदीवरून काढता येतो का?

आकडेमोड

ठसठशीत वादळाला नाटकासारखे तीन अंक असतात. आधी अचानक उडी, आडवा घटक काही मिनिटांत काही दशक नॅनोटेस्लानं वर. सौर वाऱ्यातला (सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोतातला) धक्का चुंबकावरण, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राचं अवकाशातलं कवच, दाबतो त्याची ही खूण. मग मुख्य टप्पा: पृथ्वीभोवतीचा वलयप्रवाह वाढतो आणि घटक काही तास खाली घसरत जातो. मग सावकाश भरपाई, एक-दोन दिवस किंवा जास्त. प्रत्येक वादळाची सुरुवात उडीनंच होते असं नाही, उडीनंतर वादळ येतंच असंही नाही.

ती उडी म्हणजे आपल्यासाठी कसोटीचा क्षण. जगभर ती जवळजवळ त्याच मिनिटाला दिसते. १० मे २०२४ ला जागतिक वेळेनुसार १७.०५ च्या सुमारास अशी उडी आली आणि पुढच्या काही तासांत वलयप्रवाहाचा डीएसटी निर्देशांक वजा ४०० च्या आसपास उतरला. तुमच्याकडे त्या दिवसाची नोंद असेल तर आज उघडून बघा. उडी त्या मिनिटाला असेल तर घड्याळ बरोबर, संवेदनक्षमता बरोबर, आणि अक्षाचं चिन्हही बरोबर. दोन-तीन मिनिटं मागेपुढे असेल तर आधी घड्याळ दुरुस्त करा. एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणं) किंवा जीपीएस नसलेल्या छोट्या सर्किट-पाटीचं घड्याळ महिन्यात मिनिटभर सहज सरकतं.

केपीबद्दल: केपी जगभरातल्या १३ ठिकाणांच्या नोंदींवरून निघतो, तो एकट्यानं काढता येत नाही. स्थानिक के काढता येतो. बार्टेल्सनं १९३० च्या दशकाअखेर तो जर्मनीतल्या निमेक वेधशाळेसाठी बसवला. तीन तासांच्या खिडकीत शांत दिवसाची रेघ वजा करून उरलेल्या भागाचा सर्वाधिक पल्ला घ्यायचा. निमेकच्या पायऱ्या ५, १०, २०, ४०, ७०, १२०, २००, ३३० आणि ५०० नॅनोटेस्ला, ५०० च्या वर के म्हणजे ९. तुमच्या अक्षांशाला याच पायऱ्या प्रमाणात लहान-मोठ्या कराव्या लागतील. शांत दिवसाची रेघ त्याच महिन्यातल्या शांत दिवसांच्या सरासरीवरून काढा, कारण ती ऋतूप्रमाणे बदलते.

सोनकी

एक प्रश्न मुलं हमखास विचारतात आणि मला ठाम उत्तर द्यायचंय. भूकंपाआधी चुंबकीय क्षेत्र बदलतं का?

लंबक

या प्रश्नाला सरळ उत्तर दिलंच पाहिजे, कारण यावर भीती विकली जाते. भूकंपाचा इशारा देणारी, पुन्हा पुन्हा पडताळून पाहता आलेली अशी चुंबकीय खूण आजवर प्रस्थापित झालेली नाही.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपाचं. केंद्राजवळच्या एका उपकरणात भूकंपाआधी कमी वारंवारतेच्या गडबडीत वाढ नोंदली गेली होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत ती वाढ उपकरणातल्या बिघाडाशी जोडली गेली. एकाच ठिकाणची नोंद, शेजारी दुसरं उपकरण नाही, म्हणून वाद इतकी वर्षं चालला.

भूकंप झाल्यावर मात्र सेन्सर नक्की हलतो, आणि ते क्षेत्राचं काम नसतं. ४०,००० नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात सेन्सर एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) कलला तरी आडव्या अक्षावर ०.२ नॅनोटेस्ला बदल दिसतो. जमीन थरथरली, पाऊस मुरून माती फुगली, झाडाचं मूळ वाढलं, सगळं आलेखावर उतरतं. मुलांना तुमच्या बरणीतला लटकता चुंबक दाखवा आणि टेबल हळूच हलवा, त्यांना पटेल.

वायरमन

पीसी३ सारखी बारीक स्पंदनं कुणी टिपलीत का? १० ते ४५ सेकंदांची.

लंबक

आरएम३१०० वर भरवसा ठेवता येईल अशी नाहीत. शांत दिवसात त्यांची उंची नॅनोटेस्लाच्या काही दशांशांत असते, आणि इतक्या थोड्या सेकंदांत सरासरीला पुरेशा मोजण्या मिळत नाहीत. त्यासाठी चांगला फ्लक्सगेट हवा किंवा तारेच्या हजारो वेढ्यांची प्रेरण कुंडली. कुंडली बदलाचा वेग मोजते, त्यामुळे तिला रोजच्या सावकाश लाटेचा त्रास होत नाही. वायरमन, कुंडलीचं काम तुम्हाला जमेल. कराल तर वेगळा धागाच काढा.

आपल्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहायच्या तर एवढं पाळूया: वेळ जागतिक, यूटीसी. मिनिटाचा आकडा कुठल्या सेकंदांवरची सरासरी आहे ते फाइलच्या डोक्यावर लिहा. क्षेत्राशेजारच्या रकान्यात सेन्सरचं तापमान. अक्षांच्या दिशा, खोली आणि सेन्सर कधी हलवला त्याच्या तारखा. सुधारलेली नोंद वेगळ्या फाइलमध्ये, कच्च्या नोंदीला हात लावायचा नाही. झुंजूमुंजू, तुमचा डबा खाली आला की गच्चीवरची जुनी फाइलही तशीच जपून ठेवा. आकडेमोड यांच्या पद्धतीनं वेधशाळेशी वजाबाकी करून त्यातून तुमच्या एफजीएम-३ चा तापमान-गुणांक निघेल, आणि तो जमिनीतही लागू पडेल.